हाताला एक बोट

आमच्या कोलशेतच्या देवळात छताच्या वाशांना होड्या टांगलेल्या आहेत. हातभर लांबीच्या, कुठे त्याहून लहान. नवा पाद्री आला की आधी मान वर करून त्याच बघतो आणि विचारतो, हे काय? मग कोणीतरी म्हातारा त्याला सांगतो.

खाडीने किंवा समुद्राने नेलेला माणूस सापडला नाही, तर त्याला खड्डा नसतो आणि खड्ड्यावर कुरूस नसतो. मग त्याच्या घरातल्या पुरुषाने त्याच्या होडीची नक्कल करायची. सुताराकडून करून घ्यायची नाही, स्वतःच्या हाताने करायची, वाकडी झाली तरी चालेल. माप ठरलेलं आहे. खऱ्या होडीच्या एका हाताला नकलेचं एक आडवं बोट. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशी, त्याची बायको ती होडी डोक्यावरून देवळापर्यंत आणते. दारात पाद्री त्या पुरुषाला विचारतो, "याला समुद्राने नेलं का?" तो म्हणतो, "नेलं." मग होडी वर जाते. त्या दिवसापासून दर वर्षी देवळात त्या माणसाचं नाव वाचलं जातं, घरात कोणी उरो न उरो.

या होड्यांमध्ये एक गलबत आहे. पासष्ट बोटं लांब, सगळ्यांत मोठं. ते मी केलं. माझा थोरला भाऊ कॉस्मास त्या गलबतावर होता.

आम्ही दोघे होडीसुतार. कॉस्मास माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि हाताने माझ्यापेक्षा चांगला. त्याने रंधा मारलेल्या फळीवरून पाणी ओघळायचं, थांबायचं नाही. ईराणची लढाई लागली तेव्हा तो कामाला मुंबईच्या गोदीत होता. कंपनी सरकारला गलबतांवर सुतार हवे होते. तो गेला. लग्नाला सात महिने झाले होते. वहिनीचं नाव क्लेमेंटिना, तेव्हा एकोणीस वर्षांची.

पुढच्या वर्षी गलबतं परत आली. कॉस्मास आला नाही. महिना वाट बघून बापूस मुंबईला गेला. गोदीतल्या कारकुनाने वही बघितली आणि सांगितलं, गलबत आलंय, तुमचा माणूस हजेरीत नाही. बापसाने पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे होडी परत आली आणि माणूस नाही, म्हणजे माणूस पाण्यात. तिसरी जागा नसते. घरी येऊन तो ओट्यावर बसला आणि आयला म्हणाला, "गेला." आयने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

वहिनीने पेटवली. तिने भात केला, वाढला आणि बापसाला विचारलं, "मेला, असं म्हणाले का ते?"

"नाही हजेरीत म्हणाले."

"मेला म्हणाले नाहीत ना?"

बापूस भात कालवत राहिला. ती म्हणाली, "मग मी होडी डोक्यावर घेणार नाही." आणि तिने घेतली नाही. बापसाने समजावलं, पाद्रींनी समजावलं. दर वर्षी मेलेल्यांच्या दिवशी नावं वाचली जात आणि आमच्या घरचं नाव येत नसे. बापूस त्या दिवशी देवळातून सर्वांच्या आधी बाहेर पडे. तसाच तो मेला. मग आय मेली. माझी बायको थेरेसा लग्नाच्या चौथ्या वर्षी तापाने गेली, मूल नाही. मी दुसरं लग्न केलं नाही, का ते आता मलाही आठवत नाही.

घरात आम्ही दोघं उरलो. एका टोकाला मी, एका टोकाला वहिनी, मधे कुडाची भिंत. ती दोघांचं रांधायची आणि माझं ताट भिंतीजवळच्या पाटावर ठेवून भिंतीवर दोनदा टिचकी मारायची. दिवसाला दहा शब्द होत असतील. त्यातले पाच मासळीबद्दल. तिची बहीण रोझा कल्याणला होती, तिचा नवरा रेल्वेत. ती दर वर्षी निरोप पाठवायची, ये माझ्याकडे, एकटी काय करतेस. वहिनी सांगायची, "मी घरात नसताना तो आला तर?"

मी बावन्न वर्षांचा झालो तेव्हा सकाळी उठल्यावर माझा उजवा हात थरथरायला लागला. दुपारपर्यंत थांबायचा. पण मला समजलं की आता फार वर्षं नाहीत. मी गेलो की या घरात पुरुष नाही. मग कॉस्मासचं गलबत कोणी करणार नाही, आणि त्याचं नाव जगात कुठेही, कधीही, कोणी वाचणार नाही. या विचाराने मला झोप येईना. माझं नाव तरी कोण वाचणार होतं? पण मला निदान खड्डा मिळेल.

मी वहिनीला भिंतीपलीकडून म्हणालो, "मी दादाचं गलबत करायला घेतोय."

ती म्हणाली, "करा. हाताला काम बरं. मी डोक्यावर घेणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

आता ते गलबत मी कधी पाहिलेलं नव्हतं. ते कुलपी गोळे फेकणारं होतं, म्हणजे पोकळ, आत दारू भरलेले, पडले की फुटणारे, एवढंच ऐकून होतो. त्याच वर्षी मी कळव्याला मीठ वाहणारा एक पडाव दुरुस्त करायला गेलो. बांधावर एक आंधळा म्हातारा बसला होता आणि मीठ भरणाऱ्या बायकांना ईराणच्या किल्ल्याची गोष्ट सांगत होता. बायका हसत होत्या. त्यांनी ती शंभरदा ऐकली असावी. मी हातातला तासायचा वाकस खाली ठेवला.

त्याचं नाव दगडू. तो त्या गलबतावर खलाशी होता. त्याच गलबतावर! मी म्हणालो, "कॉस्मास सुतार माझा भाऊ. तो बुडाला."

"अरेरे," दगडू म्हणाला. "बुडाला? मला कोणी सांगितलंच नाही. मी पुढे पंधरा वर्षं कराचीकडच्या आगबोटींवर होतो ना. फार गुणी हात होता रे त्याचा."

त्या दिवसापासून दर उधाणाला मी ओहोटीबरोबर कळव्याला उतरायचो आणि भरतीबरोबर वर यायचो. दगडू सांगायचा, मी दोरीला गाठी मारून घ्यायचो, कारण तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. लांबी पासष्ट हात. रुंदी अठरा. मागची खोली इतकी, जिना तितका. त्याचं डोकं शाबूत होतं. फक्त तो सरळ सांगत नसे. रुंदी विचारली की तिथे झोपणाऱ्या एका गोऱ्या तांडेलाच्या घोरण्यापर्यंत जायचा. घरातून त्याची सून शेवंती ओरडायची, "मामंजी, मिस्त्रींना माप हवंय, घोरणं नकोय!"

"घोरण्याचं पण माप होतं," तो म्हणायचा. "पासष्ट हात."

शिडाच्या काठ्या किती, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "दोन. एक मधे, एक मागे. पुढे मोकळं."

"पुढे मोकळं कसं?"

"मोकळं म्हणजे मोकळं," तो म्हणाला. त्याला तंबाखू हवी होती, ती मी दिली, आणि विषय राहिला.

घरी येताना वल्हं मारता मारता मी विचार केला. आमच्या खाडीतल्या साऱ्या होड्यांची मोठी काठी पुढे असते आणि पुढेच झुकलेली असते. मी जन्मात एकशे चाळीस होड्या बांधल्या. पुढे काठी नसलेलं गलबत वारा धरील कसं? म्हातारा खलाशी होता, सुतार नव्हता. विसरला असेल. मी पुढे तिसरी काठी उभी केली, नीट झुकलेली, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच तोफा केल्या, मुंबईच्या बंदरात लांबून बघितल्या होत्या तशा.

लाकूड कॉस्मासचंच होतं. जाण्याआधी त्याने सागाचा एक ओंडका चौरस करून कामाच्या छपरात ठेवला होता, कोणत्या होडीसाठी ते देव जाणे. तीस वर्षं मुरलेला. मी तो कापला तेव्हा आतून अजून तेलाचा वास आला. तळाचा कणा घातला, त्याला फासळ्या बसवल्या, एकेक फळी वाफेवर वाकवली. खऱ्या होडीत फळी वाकवायला चार माणसं लागतात आणि चारही बोलत असतात. नकलेची फळी दोन बोटांत वाकते. दीड वर्ष मी छपरात एकटा बसून हे केलं. दुपारी हात थांबला की बसायचो, उजेड कमी झाला की उठायचो. कधी कधी फळी अगदी चपखल बसली की मी मागे वळून बघायचो, कोणाला दाखवू म्हणून.

वहिनी ताट आता छपरातच आणून ठेवायची. गलबताकडे बघायची नाही. एकदाच म्हणाली, "म्हातारपणी तुम्हाला आणि त्या कळव्याच्या आंधळ्याला मिळून हे एक पोर झालं म्हणायचं."

"दादासारखं दिसतं का?" मी विचारलं.

ती हसली. मी तिला किती वर्षांनी हसताना बघितलं. मग ताट उचलून गेली.

पुढल्या ऑक्टोबरात काम पुरं झालं. शिडांचं कापड तेवढं राहिलं होतं. दगडूला एकदा हात लावून बघू द्यावं म्हणून मी त्याला मचव्यातून कोलशेतला आणलं. माझ्या मनात दुसरंही होतं. वहिनीने त्याच्या तोंडून दादाचं कौतुक ऐकावं, म्हणजे तिचं मन जरा हलेल. मेलेल्यांच्या दिवसाला दोन आठवडे उरले होते.

दगडू आमच्या ओट्यावर बसला. आमच्या घरचं शिजलेलं तो घेत नसे. "बोटीवर मी काय नाही खाल्लं!" तो म्हणाला. "पण आता सुनेच्या राज्यात आहे." वहिनीने त्याला शहाळं फोडून दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी गलबत त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने मागून सुरुवात केली. सुकाणू चाचपलं, मान डोलावली. मागची खोली, जिना, मान डोलावली. "वा मिस्त्री, वा. हा इथे तांडेल घोरायचा." मधली काठी. मग बाजूच्या तोफांवर त्याचे हात थांबले.

"हे काय? बोंडं आहेत का?"

"तोफा."

"तोफा कुठल्या? दोन होत्या, त्याही मागे, कुत्र्याला भिववायला." त्याचे हात पुढे सरकले आणि पुढच्या काठीला लागले. त्याने ती वरपासून खालपर्यंत चाचपली, झुकलेली आहे हे कळल्यावर तोंड वाकडं केलं. "मिस्त्री, हे बोंबील धरायला न्यायचंय का?"

मला राग आला. "पुढे काठी नसेल तर चालेल कसं ते?"

"वाईटच चालायचं. पण काठी नव्हती. इथे तो बसायचा ना."

"कोण?"

दगडूने शहाळं खाली ठेवलं. मग त्याने सांगितलं. इतके दिवस पुढचा भाग तो टाळत होता, हे मला तेव्हा कळलं.

गलबताच्या पुढच्या अंगाला लाकडी खड्डा होता आणि त्यात उखळी तोफ. आखूड, जाड, तोंड आभाळाकडे. गोळा सरळ जात नसे. वर जायचा, दिसेनासा व्हायचा आणि किल्ल्याच्या भिंतीपलीकडे वरून पडायचा. वर दोर, शीड, काठी काही चालायचं नाही, म्हणून पुढे मोकळं. प्रत्येक गोळ्याला एक भोक आणि त्या भोकात लाकडाची पोकळ खुंटी, मंद दारूने भरलेली. खुंटी जळत आत पोचली की गोळा फुटायचा. खुंटी लांब ठेवली तर गोळा जमिनीत रुतून फुटणार, आखूड कापली तर आभाळातच. नेमका भिंतीपलीकडे, माणसांच्या डोक्यावर फुटावा, म्हणून ती खुंटी केसाच्या अंतराने कापावी लागायची.

"ते कापायचं काम तुझ्या भावाचं," दगडू म्हणाला. "पहिल्या दिवशी गोऱ्यांनी कापल्या, दहातले सहा गोळे वाया. मग कॉस्मासला बसवलं. एक वाया जाईना. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारायचा. तो पण खूश होता रे, खोटं कशाला सांगू. चांगलं काम झालं की सुतार खूश होतोच."

वहिनी म्हणाली, "मग?"

"मग किल्ला पडला. सुतारांना खाली उतरवलं, दरवाजे दुरुस्त करायला. चार दिवस तो गावात होता. परत आला तो बोलेना. जेवेना नीट. एकदा मला म्हणाला, 'दगडू, भिंतीपलीकडे होड्या बांधायची जागा होती रे. छपराखाली अर्धी झालेली होडी होती. हत्यारं सगळी आपल्यासारखीच.' आणखी काय होतं त्या छपराखाली, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

मी म्हणालो, "आणि मग बुडाला?"

"ते मला काय माहीत?" दगडू म्हणाला. "ते तू सांगितलंस ना? पुढच्या कुठल्या खेपेला बुडाला असेल. ईराणहून तर आम्ही बरोबरच आलो. मुंबईला सगळ्यांना सोडलं. भाऊच्या धक्क्यावर ठाण्याचा मचवा उभा होता. मी म्हटलं, चल, कळव्यापर्यंत सोबत आहे. तो म्हणाला, 'तू हो पुढे.' मी झालो पुढे. दोन महिने घरी राहिलो आणि कराचीला गेलो."

छपरात कोंबडी काहीतरी उकरत होती. दगडूची मान आमच्याकडे वळली. त्याला काहीतरी झालंय हे कळलं, काय ते कळलं नाही.

"दगडूदादा," मी म्हणालो, "दीड वर्ष मी तुझ्याकडे येतोय. हे तू आज सांगतोस?"

"तू गलबताचं विचारलंस, मी गलबताचं सांगितलं," तो म्हणाला. "माणसाचं तू कधी विचारलंस?"

खरं होतं. मी विचारलंच नव्हतं. मला वाटत होतं, ते मला माहीत आहे.

वहिनी ओट्यावर येऊन दगडूपाशी खाली बसली. "तेव्हा तो धड होता? हातपाय?"

"धड होता, बाय."

"पेटी होती बरोबर? हत्यारांची?"

"खांद्यावर होती."

"गेला कुणीकडे?"

दगडूने जरा आठवलं. "माहीम-वसईकडे नाही. आत शहराकडे गेला. गर्दीत दिसेनासा झाला."

ती उठून आत गेली. मी दगडूला ओहोटीबरोबर कळव्याला पोचवलं. उतरताना तो म्हणाला, "मिस्त्री, मी काही वाईट केलं का?" मी म्हणालो, "नाही." त्याचा हात धरून बांधावर चढवलं आणि परत आलो.

वहिनी ओट्यावरच बसली होती, गलबताशेजारी. पहिल्यांदा ती त्याच्याकडे नीट बघत होती.

"टांगा, भावजी," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मी घेते डोक्यावर. या दोन तारखेला."

"वहिनी, तो बुडाला नाही."

"ऐकलं मी."

"मग कसं टांगायचं? पाद्री मला दारात विचारणार. देवळात खोटं बोलू?"

"एकतीस वर्षं मी म्हणत होते, तो आहे. तेव्हा तुम्ही सगळे मला खुळी म्हणालात. आता मी म्हणते, तो नाही, तर तुम्ही म्हणता, आहे!" तिचा आवाज चढला नव्हता. "भाऊच्या धक्क्यापासून इथे यायला काय लागतं? एक भरती लागते. दिवसाला दोन भरत्या येतात. एकतीस वर्षं."

"त्याने काहीतरी बघितलं तिथे, वहिनी. त्याला तोंड दाखवायला—"

"मला दाखवायला काय झालं होतं? मी गोळा टाकला होता का त्याच्यावर?"

ती हळू म्हणाली, "तो पाण्यात असता तर मी मरेपर्यंत बसले असते. पाण्यातल्या माणसाला येता येत नाही. याला येता येत होतं. मला आता उठू द्या, भावजी. तुम्ही 'नेलं' म्हटल्याशिवाय मला उठता येत नाही."

दोन आठवडे होते. मी पुढची काठी कापून काढली. तोफा काढल्या, त्यांची भोकं बुजवली. पुढे खड्डा कोरला. मग शिसवीच्या तुकड्यातून उखळी तोफ केली, दोन बोटं उंच, तोंड वर. ती बसवली तेव्हा सारं गलबत बदललं. आधी ते सुंदर होतं, उगाच खोटं सुंदर. आता ते पुढून रिकामं, मागे रेललेलं, एखादं जनावर काही फेकायला मागे सरावं तसं दिसायला लागलं. असं गलबत मी कोणासाठी बांधलं नसतं.

काम करताना सारखं एकच डोक्यात यायचं. दीड वर्ष मी या छपरात मेलेल्या भावाबरोबर बसलो होतो. तो मेलेला होता म्हणून मला त्याच्याशी बोलता येत होतं. आता तो कुठेतरी होता, किंवा होऊन गेला होता, कुठल्यातरी शहरात, माझ्यासारखाच म्हातारा, त्याचाही हात कदाचित सकाळी थरथरत असेल, आणि मला त्याच्याशी बोलायला एक शब्द सुचेना. मागच्या फळीवर त्याचं नाव घालायचं होतं. पाद्रींनी खडूने लिहून दिलं आणि मी पटाशीने त्या रेघांवरून गेलो. कुठलं अक्षर कुठलं, ते मला कळत नव्हतं.

दोन तारखेला सकाळी वहिनी विधवेचं लुगडं नेसून बाहेर आली. डोक्यावर चुंबळ ठेवली. मी गलबत उचलून तिच्या डोक्यावर दिलं. पासष्ट बोटांचं गलबत, जड होतं, पण तिने हात लावला नाही. रस्त्याने लोक ओट्यांवर उभे होते. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते बघायला मिळालं म्हणून काही जणी रडतही होत्या. एक म्हातारी म्हणाली, "शेवटी शहाणी झाली गो." वहिनीने मान वळवली नाही, वळवता येतच नव्हती.

देवळाच्या दारात पाद्री उभे होते. त्यांनी गलबताकडे बघितलं, त्या तोफेकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि मला विचारलं, "सिल्वेस्टर, याला समुद्राने नेलं का?"

मी तीस वर्षं या प्रश्नाची वाट बघितली होती. छपरात बसून किती वेळा मनात उत्तर दिलं होतं. आता 'नेलं' म्हटलं तर कॉस्मास मेला. मीच मारला म्हणायचं. नाही म्हटलं तर ही बाई पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसणार. पाद्री थांबले. लोक थांबले. मी वहिनीकडे बघितलं. चुंबळीखालून घामाची एक धार तिच्या कानाशी आली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने जेवढं मागायचं तेवढं मागून झालं होतं.

मी म्हणालो, "नेलं."

शिडी लावली, मी वर चढलो, आणि दुपार व्हायची होती तरी त्या दिवशी माझा हात थरथरला नाही. गलबत टांगून खाली आलो. पाद्रींनी नावं वाचली. जुनी सगळी झाल्यावर शेवटी वाचलं, "कॉस्मास." लोक एका आवाजात म्हणाले, "त्याला शांती लाभो." वहिनीही म्हणाली, स्पष्ट म्हणाली. मी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती कल्याणला निघाली. रोझाच्या मुलाने पडाव पाठवला होता. एक गाठोडं आणि एक कोंबडी, एवढंच तिने घेतलं. भांडी माझ्यासाठी ठेवली आणि कुठलं कशाला ते सांगितलं. मी गाठोडं काठापर्यंत नेलं. भरती चढत होती. पन्नास वर्षांची बाई, पण पडावात चढताना तिने माझा हात धरला नाही, फळीवरून पोरीसारखी गेली.

मी काठावर उभा राहून म्हणालो, "वहिनी, तो आला तर?"

ती कोंबडीचे पाय बांधत होती. ते बांधून झाल्यावर तिने वर बघितलं.

"आला तर जेवायला वाढा," ती म्हणाली. "मला बोलावू नका."

पडाव वळला आणि भरतीने त्याला वर नेलं. याला आता दहा वर्षं झाली. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, म्हणजे तो सदुसष्टचा. भात मी दोघांचा टाकतो. उरतो त्याची सकाळी पेज होते.